मडम आधी कशी होती?

आमच्या दांडी गावात मडमचे किस्से कुणी मुद्दाम सांगायला बसत नाही. जाळं शिवायला बसावं, कुणीतरी म्हणावं, "त्या टायमाला मडम काय बोल्ली व्हती रे?" की संपलं. जाळं राहतं बाजूला. एक जण सांगतो, दुसरा म्हणतो तसं नव्हतंच, आणि तिसरा तेव्हा जन्मलाही नव्हता, पण त्यालाच सगळ्यात जास्त पाठ!

माझ्याकडे जरा जास्त साठलेत, कारण मी मडमच्या पिक्चरमध्ये पहिल्यापासून आहे. मडम म्हणजे अमेरिकेची डायरेक्टर. तिचं नाव लांब आहे, माझ्या तोंडात बसत नाही, आणि 'मडम' म्हटलं की ती ओ देते. तिकडे तिचं फार मोठं नाव आहे म्हणतात. बायांना तिथे कॅमेऱ्याला हात लावू देत नव्हते, त्या काळात हिने कॅमेरा खांद्यावर घेतला आणि परत खाली ठेवलाच नाही. मी तरणा होतो तेव्हा ती पहिल्यांदा इथे आली. मग काही वर्षं गेली की परत यायची. आता ती ऐंशीच्या पुढे आणि मी सत्तरीच्या पुढे.

ह्या हिवाळ्यात ती शेवटचं पिक्चर पुरं करायला आली, आणि तिच्या मागोमाग तिच्या कंपनीचा एक साहेब आला. त्याला एवढंच बघायचं होतं, की मडमचं डोकं ठिकाणावर आहे का. असेल तर पिक्चर पुरं होणार. नसेल तर पेट्या बांधायच्या आणि मडमला घरी न्यायचं. मग तिच्या हातात परत कॅमेरा कोण देतंय?

नावही न विचारता साहेबाने मलाच धरलं. "तुम्ही तिला सगळ्यात जास्त वर्षं ओळखता. आधी कशी होती?"

झाली ना पंचाईत! मी विचार करायला लागलो. जेवढा विचार केला, तेवढा माझाच गोंधळ वाढला. आता तुम्हीच ऐका आणि सांगा.

*

पहिल्या खेपेची गोष्ट. पाहुणा आला की आधी बसायला द्यायचं, ही आमची रीत. गावात धड खुर्ची एकच होती, ती जगनच्या घरची. जगन म्हणजे आमच्या होडीचा तांडेल. होडीत त्याचा शब्द शेवटचा. माझा लहानपणापासूनचा दोस्त. त्याने खुर्ची धुतली, पुसली आणि अंगणात आणून ठेवली.

मडमने हात जोडले, खुर्चीवर कॅमेरा ठेवला आणि स्वतः खाली वाळूत बसली.

जगन माझ्या कानाला लागला. "मोरू, म्हंजे ह्यांच्यात मोठा कोन? ही, का तो?"

तेवढ्यात काशी, म्हणजे माझी बायको, चहा घेऊन आली. तिने खुर्चीकडे बघितलं, मडमकडे बघितलं. काही ठरेना. शेवटी तिने एक कप मडमच्या हातात दिला आणि दुसरा खुर्चीवर, कॅमेऱ्यापुढे ठेवला.

मडम दोन्ही प्यायली! दुसरा उचलायच्या आधी कॅमेऱ्याकडे बघून मान लववली, त्याला विचारल्यासारखी.

तेव्हापासून दांडीत कॅमेऱ्याला चहा ठरलेला. बिनसाखरेचा, कारण काशी म्हणते, मशिनीला मुंग्या लागतील.

*

मडमचं बोलणं आमच्यापर्यंत पोचवायचे तिवारीजी. उत्तरेकडचे, बोईसरला एका कारखान्यात स्टोअर सांभाळायचे, इंग्लिश एकदम पक्कं. मडम इंग्लिशमध्ये बोलायची, तिवारीजी हिंदीत सांगायचे, आणि जगन ते आमच्या बोलीत सगळ्यांना समजावायचा. एक वाक्य इकडून तिकडे पोचेतो ओहोटी लागायची.

एक दिवस मडम म्हणाली, मला होडीतून समुद्रात यायचंय.

आता आमच्याकडे मासेमारीच्या होडीत बाई जात नाही. पुरुषाने मासळी आणायची, बाईने विकायची. बाजारात पुरुषाने तोंड उघडायचं नाही आणि होडीत बाईने पाय ठेवायचा नाही. जगनने सरळ नाही सांगितलं.

मडमने विचारलं, "का?"

"का म्हंजे? आजपातूर कुनी गेली नाय!"

तिवारीजींनी ते इंग्लिशमध्ये सांगितलं, तशी मडम हसायला लागली. डोळ्यांतून पाणी येईतो हसली. म्हणाली, स्टुडिओत पहिल्या दिवशी मी कॅमेरा मागितला, तेव्हा तिथल्या साहेबाने मला हेच वाक्य ऐकवलं होतं. अगदी हेच!

जगनला ते लागलं. "म्हंजे अमेरिकेतबी आमच्यासारकीच मानसं?"

"बिलकुल," तिवारीजी त्याच्या लंगोटीकडे बघत म्हणाले, "बस पैंट पहनते हैं."

वाद मिटवला तो काशीने. टोपली डोक्यावर घेऊन बाजाराला निघाली होती, ती वाटेतच थांबली. "होडीत बाय जात नाय, कबूल. पन ही मडम मासली इकते का? नाय. चूल पेटवते का? नाय. तुमी तिला अंगनात पुरुषांच्या पंगतीला बसवता का नाय? बसवता. मंग ही बाय कशावरनं?"

म्हाताऱ्यांनी सरकून होडीत जागा केली. मडम होडीत बसली.

त्या दिवशी जाळं एवढं भरलं, की ओढता ओढेना! दुसऱ्या दिवशी किनाऱ्यावर भांडण. "आज मडम आमच्या होडीत!" "तुमच्या कशी? आमी आधी बोल्लो!" मडम शेजारच्या होडीत गेली. त्यांच्या जाळ्यात त्या दिवशी काय आलं? एक चप्पल. तीपण डाव्या पायाची.

मडम शुभ की अशुभ, ह्याचा निकाल दांडीत अजून लागलेला नाही.

*

तेव्हा पिक्चर डब्यात असायचं. पत्र्याचे गोल, चपटे डबे. मडमने तिवारीजींकडून निरोप दिला, की हे थंड जागी ठेवा, ऊन लागलं तर सगळी मेहनत वाया.

गावात थंड जागा एकच, बर्फाची पेटी. जगनने जबाबदारी घेतली. खाली बर्फ, त्यावर डबे, त्यावर पापलेट, त्यावर परत बर्फ. हाताने थापून म्हणाला, "ह्याच्याहून चांगली जागा मी माज्या बापालाबी दिली नसती."

सकाळी मडमने डबे मागितले. पेटी कुठाय? पेटी पापलेटसकट पालघरच्या बाजारात!

तिवारीजी डोक्याला हात लावून बसले. जगन धावत सुटला तो एसटी स्टँडपर्यंत. तिथून बसने पालघर. पोचला तर काशी आपल्या जागेवर बसलेली, पापलेट सगळे गेलेले आणि डबे पाटीवर ओळीने मांडलेले.

"बरा आलास," काशी म्हणाली. "दोन गिऱ्हाईकं इचारून गेली, ह्यो कुटला मासा."

"आनि तू काय सांगितलंस?"

"सांगितलं, हा मडमचा हाय, इकायचा नाय. त्यातली एक म्हनाली, मंग मांडलास कशाला? मी म्हटलं, ऊन लागू नये म्हनून, सावलीला."

डबे परत आले. आम्हाला वाटलं, आता मडम आपल्याला हाकलणार. मडमने एक डबा उचलला, नाकाशी धरला, आणि खडूने त्यावर काहीतरी लिहिलं. तिवारीजींनी वाचून दाखवलं. तिकडच्या लोकांसाठी सूचना होती: 'मांजरापासून जपा.'

*

हा किस्सा काशीपुढे काढायचा नाही. काशीचा मोठा रोल होता. ती बांबूंवर बोंबील वाळत घालते आणि मी मागून येऊन तिला काहीतरी बोलतो. काय बोलायचं ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. मडम म्हणायची, मोरू, तू नुसता ये. मी नुसता यायचो, तर म्हणायची, असा नको येऊस.

सीन अर्धा झाला आणि ऊन गेलं. दुसऱ्या दिवशी मडम म्हणाली, सगळं कालच्यासारखं पाहिजे. काशीने कालचंच लुगडं नेसलं. मी कालचीच टोपी घातली. मडम बांबूंसमोर उभी राहिली आणि म्हणाली, बोंबील कालच्यासारखे का दिसत नाहीत?

तिवारीजींनी विचारलं. काशीला आधी वाटलं, थट्टा चाललीय.

"तिवारीजी, मडमला सांगा, मी थांबते, मोरू थांबतो, तुमी म्हनाल तर गाव थांबतं. बोंबील थांबत नाय. तो वालतो."

मडमने ते ऐकलं. मग कॅमेरा बोंबलांसमोर ठेवला आणि सबंध दिवस तिथेच बसली. जेवायलाही उठली नाही. आम्ही लुगडं-टोपी करून बाजूला उभे.

संध्याकाळी जगनने विचारलं, "आनि मोरूचा, काशीवैनीचा शीन?"

तिवारीजी मडमशी बोलून आले. त्यांनाच सांगवेना. "वो… कट गया. अब सिर्फ़ बोंबील है."

त्या बोंबलांना म्हणे तिकडे बक्षीस मिळालं. काशी अजून म्हणते, "समद्यांचा रोल हीरवीन खाते. माजा बोंबलाने खाल्ला!"

*

पुढच्या एका खेपेला मडमला रडण्याचा सीन पाहिजे होता. नवरा समुद्रातून परत आलेला नाही आणि बायको किनाऱ्यावर रडते. बायको काशी, नवरा अर्थातच मी.

काशीने हात झटकले. "जित्या मानसासाटी रडू? उद्या काय झालं म्हंजे?"

मडम म्हणाली, हे खोटं आहे. काशी म्हणाली, दर्याला खोटं कळत नाय. दुसऱ्या बायांना विचारलं, त्यांनीही पदर खोचले आणि घराकडे वळल्या. प्रत्येकीचा नवरा होडीवर जाणारा. कोण कशाला अवदसा ओढवून घेईल?

शेवटी मडमने विचारलं, मग तुम्ही कुणासाठी रडू शकता?

बायांनी आपापसात बोलून घेतलं. सगळ्या किनाऱ्यावरून नजर फिरवली आणि ती फिरत फिरत तिवारीजींवर येऊन थांबली.

"मैं?" तिवारीजी मागे सरले.

"तुमी होडीत चढता का?"

"नहीं. मुझे चक्कर आता है."

"पान्यात जाता का?"

"घुटने तक."

काशी म्हणाली, "मंग झालं तर! जो पान्यात जातच नाय, त्याला दर्या नेनार कसा? ह्यांच्यासाटी कितीबी रडलं तरी चालतंय."

आणि काय रडली! "अवो तिवारी, कुटं गेलात वो! आता मडमचं आमाला कोन सांगनार वो!" सगळा किनारा रडायला लागला. तिवारीजी कॅमेऱ्याशेजारी उभे राहून एकेक ओळ मडमला इंग्लिशमध्ये सांगत होते, आणि सांगता सांगता तेही रडत होते.

दुसऱ्या दिवशी तिवारीजींना ताप.

काशीचा जीव थाऱ्यावर राहिला नाही. मीठ-मिरच्या पदरात बांधल्या, कालवणाचं भांडं घेतलं आणि बोईसरला त्यांच्या खोलीवर गेली. मीही बरोबर. तिने आधी त्यांची दृष्ट काढली, मग भात वाढून कालवण ओतलं.

तिवारीजी कसेबसे उठून बसले. "बहनजी, मैं मच्छी नहीं खाता."

काशी म्हणाली, "मेलेल्या मानसाने तक्रार करायची नाय. खा!"

खाल्ली. ताप उतरला. तेव्हापासून दर शुक्रवारी दांडीला यायला लागले. गावाकडे मात्र कुणाला कळवलेलं नाही.

*

एकदा मडमने पिक्चर आम्हालाच दाखवलं. किनाऱ्यावर दोन वाश्यांना पांढरं शीड बांधलं आणि दिवेलागणीला सुरू केलं. गोष्ट काय होती ते विचारू नका. गोष्ट कुणी बघितलीच नाही. "आरं, ती आपली जुनी होडी!" "जगन्या, तुज्या डोक्यावर केस व्हते!"

मग मी आलो. घराच्या दारातून बाहेर पडलो. घर माझंच, दांडीचं. पाय बाहेर टाकला, तो थेट केळव्याच्या सुपारीच्या वाडीत!

सगळे माझ्याकडे वळले. केळवं इथून किती लांब! मधे खाडी, मधे सातपाटी. मलाही कळेना. केळव्याला मडमने मला चालायला लावलं होतं, हे खरं. दारातून निघालो होतो, हेही खरं. पण ते वेगळ्या महिन्यात.

मडम म्हणाली, पिक्चरमध्ये मधलं सगळं काढून टाकतात.

जगन रागावून म्हणाला, "मधलंच तर सगलं असतंय!"

नंतर कितीतरी दिवस बाया मला अडवून विचारायच्या, "मोरूभाव, केळव्याला लग्न हाय. तुज्या दारातनं जाऊ का?"

*

आता ह्या हिवाळ्याचं.

जगन गेला त्याला बरीच वर्षं झाली. समुद्रात नाही. घरी, खाटेवर, आम्ही सगळे जवळ असताना. तिवारीजींनी तेव्हा मडमला फोन करून कळवलं होतं.

मडम काठी टेकत आली. कॅमेरा आता तळहाताएवढा. सकाळी काशीला नाव विचारायची, दुपारी परत विचारायची. एकच सीन परत परत करायला लावायची. एकदा दोन पायांत दोन वेगळ्या चपला. आम्हाला ह्यात काही नवीन दिसलं नाही. सीन ती पहिल्यापासून परत परत करते. चपला म्हणाल, तर वाळूत कोण बघतं? पण साहेब प्रत्येक वेळी ओठ आवळायचा. तिवारीजी म्हातारे झालेत, कानाने कमी आहेत, पण साहेबाचं तोंड त्यांना वाचता येतं. मला म्हणाले, "मोरूभाई, यह आदमी मन बना चुका है."

शेवटच्या दिवशी पिक्चरचा शेवट घ्यायचा होता. वाळूवर ओढून ठेवलेली आमची जुनी होडी, आणि तिच्यात जाळं शिवणारा म्हातारा. साहेब बाजूला उभा. मडमने कॅमेरा लावला, डोळा लावला आणि म्हणाली, "जगनला बोलवा."

तिवारीजींनी ते सांगितलंच नाही. पण 'जगन' आम्हाला कळलं. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. ते बघून साहेब ताठ झाला.

काशीने मला कोपराने ढोसलं. "जावा, बसा."

"कुटं?"

"जगनभावजींच्या जागी."

"आनि मंग माज्या जागी कोन?"

"तुमाला तिने बोलावलंय कुटं!"

गेलो. चढताना गुडघा वाजला. सुकाणूपाशी जगन बसायचा तसा बसलो, एक पाय खाली सोडून, दुसरा मुडपून. त्याच्यासारखं जाळं डाव्या मांडीवर घेतलं.

मडम म्हणाली, "जगन, मोरूला सांग, त्याच्या गाठी सैल आहेत."

आता कुणाला सांगू? मोरू तर मीच. समोरची, मी बसायचो ती फळी रिकामी. मी त्या फळीकडे बघितलं, आणि तोंडातून निघालं ते असं: "मोऱ्या! तुजी गाठ आजपातूर कदी बसली नाय! मासली धरतोस का दर्याला परत देतोस?"

आवाज जगनचा. माझं मलाच दचकायला झालं. आणि एकदा सुरू झाल्यावर थांबता येईना. जगन मला आयुष्यभर जे जे बोलला, ते सगळं मी त्या फळीवरच्या मोरूला बोललो. आळशी म्हटलं, भित्रा म्हटलं. सगळ्यात शेवटी "जेवलास का?" म्हटलं. काशीने पदर तोंडाला लावला.

साहेब वाळू तुडवत पुढे आला, थेट होडीपाशी. तिवारीजींना म्हणाला, ह्या माणसाला त्याचं नाव विचारा.

तिवारीजींनी माझ्याकडे बघितलं. फार सावकाश विचारलं, "साहब पूछ रहे हैं, आपका नाम क्या है?"

मोरू म्हणालो, तर मडम उद्याच्या विमानाने घरी.

मी म्हणालो, "जगन."

साहेबाने मडमकडे बघितलं. मडमने कॅमेऱ्यावरचा डोळा काढला नाही. तिथूनच इंग्लिशमध्ये काहीतरी बोलली, सावकाश, एकेक शब्द सुटा. साहेब कानापर्यंत लाल झाला आणि दोन पावलं मागे सरला.

"काय म्हनाली?" मी तिवारीजींना विचारलं.

तिवारीजींनी चष्मा काढून पुसला, परत लावला.

"मैडम कह रही हैं, जगन को गए तो बरसों हो गए. यह मोरू है. चालीस साल से मेरे कैमरे के सामने आ रहा है, ऐक्टिंग आज पहली बार की है. और आप बीच में आ गए. अब फिर से करना पड़ेगा."